अप्पांच्या स्कूटरचा फ्यूज

अप्पा, तुमच्या स्कूटरचा फ्यूज मी काढला होता.

मोजले तर सात शब्द होतात. हे सात शब्द तुमच्यासमोर बसून बोलायला मला चार महिने मिळाले. सकाळी चहाला तुम्ही समोर असायचात, संध्याकाळी जेवायला शेजारी असायचात. एकदाही बोलले नाही. आता तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला, आणि बघा, कसं एका दमात लिहून झालं.

सुरुवात माझ्या गाडीपासून झाली. आपण दोन गाड्या एकदमच घेतल्या होत्या, तुमची राखाडी, माझी लाल. एकाच कंपनीच्या, अगदी सारख्या. "एकीचं पोट कळलं की दुसरीचं कळतं," असं तुमचं म्हणणं होतं. आयुष्यभर कारखान्यात वायरमन म्हणून काढल्यावर माणूस गाडीसुद्धा दुरुस्तीच्या सोयीनं घेतो, हे मला तेव्हा गमतीचं वाटलं होतं.

वर्षभरातच माझी लाल गाडी शाळेच्या फाटकासमोर बंद पडली. येरवड्यात, शाळा सुटायच्या वेळी. हॉर्न नाही, दिवा नाही, बटण दाबलं तर साधी टिकसुद्धा नाही. किक मारून मारून माझा पाय दुखायला लागला. सुजित ऑफिसात होता, म्हणून तुम्हाला फोन केला. तुमची सून अडकली म्हटल्यावर तुम्ही वीस मिनिटांत हजर. टेस्टर आणि पाना आधीच शर्टाच्या खिशात.

"हॉर्न वाजत नाही ना? मग फ्यूज. बाजूला हो."

पण फ्यूजचा बॉक्स काही सापडेना. तुमच्या जुन्या गिअरच्या स्कूटरला तो बॅटरीजवळ असायचा. तुम्ही सीट उघडून डिकी रिकामी केलीत, माझ्या वह्यांचा गठ्ठा रस्त्यावर ठेवलात. तिथे नव्हता. पाय ठेवतो तिथली रबरी पट्टी उचललीत. तिथेही नव्हता. मग तुम्ही चक्क गाडीखाली डोकं घातलंत. तोपर्यंत माझ्या आठवीच्या मुलींचं कोंडाळं जमलं होतं. शेवटी हँडलच्या खाली, चालवताना गुडघे येतात तिथे, चार स्क्रूंचं एक काळं झाकण तुम्हाला दिसलं. झाकण काढल्यावर आत तो एवढासा बॉक्स होता.

"काय लपवून ठेवलाय! जसा काही चोरीचा माल!" तुम्ही इतक्या आनंदानं ओरडलात की मुली हसल्या. मग तुम्ही तो निळा, नखाएवढा फ्यूज उपसून उन्हात धरलात. "मधली तार तुटलेली दिसते? बाद." खिशातून दुसरा काढून बसवलात आणि हॉर्न वाजवलात.

इथवर सगळं छान होतं. पण मग तुम्ही त्या मुलींसमोर म्हणालात, "गणित शिकवतेस ना? मग चार स्क्रूंचं झाकण उघडता यायला नको?"

तुम्ही हे सहज बोललात, ते मला आज कळतं. त्या दिवशी मात्र कानाची पाळी लाल झाली. पुढच्याच रविवारी तुम्ही मला पार्किंगमध्ये बोलावलंत, माझ्या हातात स्क्रूसाठी वाटी दिलीत आणि दोन्ही गाड्यांची झाकणं माझ्याकडून उघडून घेतलीत. मी ते तोंड पाडून केलं. तेव्हापासून तुम्हाला खोडच लागली. जेवताना, टीव्ही बघताना, पाहुणे आलेले असताना, अचानक विचारायचात, "मीनल, बॉक्स कुठे?"

"असेल तिथेच," मी म्हणायची.

"तिथेच म्हणजे कुठे?"

"अप्पा, गाडी बंद पडली तर मेकॅनिक आहेत की पुण्यात. गल्लीगणिक आहेत."

"मेकॅनिक तुझ्या डिकीत बसून येणार आहे का?"

मी उत्तर द्यायची नाही. मला ते नीट पाठ झालं होतं, पण तुम्हाला सांगायचं नाही, असा माझा हट्ट. तुमचाही हट्ट होता, विचारायचं थांबवायचं नाही. आपल्या दोघांचं हे भांडण तीन-चार वर्षं चाललं.

खऱ्या भांडणात मात्र मी तुमच्यासमोर कधी उभी राहिले नाही. कुणीच राहायचं नाही. आई गेल्यानंतरच्या वर्षी सुजित तुम्हाला म्हणाला होता, अप्पा, आता शिडीवर चढू नका, पंख्यासाठी माणूस बोलावू. तुम्ही काही न बोलता शिडी उचललीत, पाचव्या मजल्याच्या गच्चीत नेऊन उभी केलीत आणि दोन दिवस जेवला नाहीत. तिसऱ्या दिवशी सुजितनंच शिडी खाली आणली आणि तुम्ही तिच्यावर चढून पंखा लावलात. घरातल्या सगळ्यांना कळलं की अप्पांच्या हातातून काही काढून घ्यायचं नाही.

म्हणून गेल्या दसऱ्याच्या सुमारास तुम्ही एका आरशाची स्कूटर घेऊन घरी आलात, पँट गुडघ्यावर फाटलेली होती, आणि "स्टँडवरून पडली" म्हणालात, तेव्हा मी फक्त हळद आणि कापूस आणून दिला. स्टँडवरून पडलेल्या गाडीनं चालवणाऱ्याचा गुडघा कसा फुटतो, हे विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी आळंदी रोडवर भाजी घेताना त्या भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "राखाडी स्कूटरवाले आजोबा तुमचेच ना? परवा सिग्नल सुटला तरी मधोमध उभे. दोन्ही बाजूंनी गाड्या, हॉर्न वाजवतायत, ह्यांना पत्ता नाही. मी जाऊन हात धरला तेव्हा भानावर आले. मागं पोरगी बसली होती."

ती पोरगी म्हणजे ओवी. आपली ओवी, अप्पा, अकरा वर्षांची. तिला तुम्ही रोज क्लासला सोडत होतात. घरी येऊन मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आजोबा विसरले होते कुठे वळायचं. मग आठवलं त्यांना. पण मम्मी, मी प्रॉमिस केलंय तुला सांगणार नाही म्हणून."

सुजित हिंजवडीहून आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो मोजे काढता काढता थांबला.

"तू सांग ना त्यांना, गाडी सोडा म्हणून," तो म्हणाला.

"वडील तुझे आहेत."

"म्हणून तर. माझं ऐकणार आहेत का? तुझं ऐकतात."

तुम्ही माझं ऐकत होतात का, अप्पा? मी कधी नीट काही सांगून बघितलंच नाही, त्यामुळे हे मला आजही माहीत नाही.

दिवाळीच्या सुट्टीतली दुपार होती. तुम्ही जेवून पडला होतात. ओवी मैत्रिणीकडे गेली होती. मी तुमच्याच पेटीतला स्क्रूड्रायव्हर घेतला, खाली गेले, राखाडी गाडीपुढे उकिडवी बसले. बॉक्स शोधायला मला एक मिनिटही लागलं नाही. चार स्क्रू काढले, फ्यूज उपसला, झाकण परत लावलं. या गाड्यांना फ्यूज नसला की किक मारूनही उपयोग नसतो, हेही तुम्हीच शिकवलेलं. वर आले आणि फ्यूज माझ्या कंपासपेटीत टाकला, कोनमापकाखाली. हात धुतले. तुम्ही उठल्यावर तुम्हाला चहा केला. त्या दिवशी चहात आलं जरा जास्त पडलं, तेवढंच तुम्ही बोललात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही खाली जाऊन पाच मिनिटांत वर आलात.

"चालू होत नाहीये," तुम्ही म्हणालात.

मी भाकरी थापत होते. पाठमोरी. "बॅटरी असेल, अप्पा."

"बॅटरी?"

"दाखवू मेकॅनिकला. सुट्टी संपू दे."

तुम्ही थोडा वेळ दारात उभे होतात. मला तुमचा चेहरा दिसत नव्हता, मी बघितलाही नाही. मग "हं" म्हणालात आणि आत जाऊन बसलात.

बस, एवढंच. मी वादळाची तयारी करून ठेवली होती आणि तुम्ही एक हुंकार देऊन बसलात. सोसायटीत कुणाचा मिक्सर बंद पडला तरी पाना घेऊन धावणारे तुम्ही, स्वतःच्या गाडीचं झाकण उघडायलाही खाली गेला नाहीत, निदान मी घरात असताना तरी नाही. मला वाटलं, अप्पा थकले. वय झालं. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला. एक आयुष्यभराचा वायरमन फ्यूज न बघता गाडी सोडून देईल, हे मला खरं वाटलं. खरं वाटून घेणं सोयीचं होतं.

ओवी क्लासला माझ्यामागे बसून जायला लागली. तुम्ही चालत भाजी आणायला लागलात. गाडीच्या दुरुस्तीचा विषय ना तुम्ही काढलात ना मी.

पण रविवार होता. तुमचा रविवार म्हणजे कर्वेनगर. परांजपे काका आणि तुम्ही तीस वर्षं एका शिफ्टमध्ये होतात. काकांचे गुडघे गेले, मग नजर गेली, आणि तेव्हापासून दर रविवारी तुम्ही विश्रांतवाडीहून कर्वेनगरला जाऊन त्यांना पेपर वाचून दाखवायचात. एवढ्यासाठी अख्खं पुणं ओलांडायचं, असं मी एकदा म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, "पेपर निमित्त आहे गं. भांडायला माणूस लागतं."

गाडी बंद पडल्यावर पहिल्या रविवारी तुम्ही बसनं गेलात. दोन बस बदलून. दुपारी आलात ते घामानं निथळत, आणि न जेवता झोपलात. मी म्हटलं, मोबाइलवरून गाडी बोलावून देते. तुम्ही म्हणालात, "कशाला? मी काय पेशंट आहे?" सुजितनं तुम्हाला दोनदा नेलं. चौथ्या रविवारी त्याला काम निघालं, पाचव्या रविवारी तो झोपला होता आणि तुम्ही त्याला उठवलं नाहीत. त्यानंतर तुम्ही कर्वेनगरचं नाव काढलं नाहीत.

मग एका रविवारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि खाली बघितलं. पार्किंगच्या कडेला, हिवाळ्याच्या उन्हात, तुम्ही त्या बंद स्कूटरवर बसला होतात. स्टँडवर लावलेल्या गाडीवर, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पेपर. तुमचे ओठ हलत होते. मला वाटलं, स्वतःशीच वाचताय. मी ओला टॉवेल तसाच बादलीत टाकला आणि आत आले. खाली जाऊन फ्यूज बसवावा आणि सगळं सांगून टाकावं, असं त्या क्षणी वाटलं. मग तो सिग्नल डोळ्यांपुढे आला, मधोमध उभी स्कूटर आणि मागे ओवी. मी कंपासपेटी उघडलीसुद्धा नाही.

पुढचे सगळे रविवार तुम्ही तिथेच बसलात. आणि मी रविवारी कपडे मागच्या बाजूला वाळत घालायला लागले.

आता मला ते सांगायचंय, जे आठवलं की अजून जेवण जात नाही. तुम्ही जायच्या पंधरा दिवस आधीची गोष्ट. आपण चौघे जेवत होतो, मेथीची भाजी होती. तुम्ही घास मोडता मोडता म्हणालात, "मीनल, बॉक्स कुठे आहे गं?"

चार महिन्यांत पहिल्यांदा विचारलं होतंत. आवाज नेहमीचा नव्हता. खोडकर नव्हता. अगदी हळू विचारलंत, जसं मी फळ्याजवळ अडलेल्या मुलीला विचारते, तिला येतंय हे मला माहीत असतं तेव्हा.

मी ताटात बघत म्हटलं, "मला नाही आठवत, अप्पा."

"नाही आठवत?"

"नाही."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. ते मला ताटात बघूनही कळत होतं. मग म्हणालात, "बरं." आणि ओवीला विचारलंत, तिच्या शाळेत सहल कुठे जाणार आहे.

ती तुम्ही मला दिलेली संधी होती, हे मला तेव्हा कळलं नाही. काहीतरी निसटलं एवढंच वाटलं, आणि मी उठून ताक आणायला गेले.

तुम्ही सकाळी गेलात, आंघोळ करून, खुर्चीत. चहाचा कप भरलेला होता. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळलंही नसेल. सगळे म्हणाले, नशीबवान माणूस. मी मान डोलावत राहिले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजींचं सूत्रपठण झालं, लोक जेवून निघायला लागले, आणि तेव्हा परांजपे काका आले. त्यांची मुलगी त्यांना गाडीतून घेऊन आली होती. लिफ्टपासून खुर्चीपर्यंत यायला त्यांना पाच मिनिटं लागली. तुमच्या फोटोकडे तोंड करून ते बसले. त्यांना फोटो कितपत दिसत होता कोण जाणे. मग म्हणाले, "मीनल कुठंय?"

मी पुढे झाले. वाकून नमस्कार केला.

"तू मीनल का? फ्यूज काढणारी?"

अप्पा, माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो मी आधी खाली ठेवला. आजूबाजूला कुणी ऐकलं नव्हतं, काकांचा आवाज आता लहान झालाय.

"तुम्हाला कुणी सांगितलं, काका?"

"कोण सांगणार? तोच. त्याच दिवशी. तू शेजारी कुणाकडे फराळाचं द्यायला गेलीस आणि हा खाली जाऊन झाकण उघडून आला. वायरमन आहे तो, भटजी नाही. मला फोन करून म्हणतो, परांजप्या, सूनबाईनं बॉक्स शोधला. न विचारता. चारही स्क्रू परत नीट बसवलेत, एक ओरखडा नाही."

मी त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसले.

"रागावले नाहीत?"

"रागावला की. दोन रविवार नुसत्या शिव्या. तुला नाही. स्वतःला, डोळ्यांना, त्या सिग्नलला. मी म्हटलं, लेका, तुझ्याकडे फ्यूजची डबी भरलेली आहे. लाव दुसरा आणि ये इकडे. तर म्हणाला, लावीन. पण मग तिला कळेल की मला कळलंय. तोंड कुठं लपवेल बिचारी? ती आपणहून सांगेल. थांबतो."

"मग?"

"मग काय. थांबला."

मी विचारलं, "मी केलं ते बरोबर केलं, असं कधी म्हणाले का?" हे मी का विचारलं मला माहीत नाही. मला काहीतरी हवं होतं.

"नाही," काका म्हणाले. "तसं काही म्हणाला नाही. मेलेल्या माणसाच्या नावावर खोटं सांगणार नाही मी."

मग ते म्हणाले, आता रविवारी फोनवरून पेपर कोण वाचणार? आणि तेव्हा मला कळलं की त्या बंद स्कूटरवर बसून तुम्ही स्वतःशी वाचत नव्हतात. कानात इयरफोन घालून तुम्ही काकांना फोनवरून पेपर वाचून दाखवत होतात. घरात आवाज होतो, ओवीचा अभ्यास असतो, म्हणून खाली बसत होतात. हे तुम्ही आम्हाला सांगितलं नव्हतंत, आणि आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

सगळे गेल्यावर मी तुमची हत्यारांची पेटी उघडली. औषधाच्या रिकाम्या डब्यांत फ्यूज रंगाप्रमाणे लावून ठेवलेले होते, लाल, पिवळे, निळे. निळ्यांच्या डबीत अकरा होते. त्यातला एक घेतला असतात तर दोन मिनिटांचं काम होतं. चिठ्ठी वगैरे काही नव्हती. मी शोधली, तुमच्यापासून काय लपवू. पेटीच्या तळापर्यंत हात घालून शोधली. इन्सुलेशन टेपची रिळं, जुना टेस्टर आणि आईंच्या शिलाई मशिनचा एक पट्टा निघाला.

सुजितला मी त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं केलंस. ओवी होती मागे." त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. पण अप्पा, त्याचं हे म्हणणं माझ्या उपयोगी पडलं नाही. ते मला तुमच्याकडून हवं होतं, किंवा तुमच्याकडून शिव्या हव्या होत्या.

ओवीलाही सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "मम्मी, मी प्रॉमिस मोडलं ते आजोबांना माहीत होतं का?" मी म्हटलं, बहुतेक हो. ती म्हणाली, "ते मला काही बोलले नाहीत." म्हणजे तुम्ही त्या पोरीलाही सांभाळून घेतलंत. तुमच्या गप्प राहण्यानं किती जणांना सांभाळलं, आणि आम्हाला वाटलं तुमचं मन उडालं.

परवाच्या रविवारी मी तो निळा फ्यूज कंपासपेटीतून काढला आणि जागेवर बसवला. गाडी अर्थातच चालू झाली नाही. पाच महिने उभी राहून बॅटरी खरोखरच बसली होती, म्हणजे माझं पहिलं खोटं तेवढं खरं झालं. म्हणून माझी लाल गाडी काढली, कोपऱ्यावर पेपर घेतला आणि कर्वेनगरला गेले. रस्ता विचारत विचारत. तुम्ही इतकी वर्षं कुठल्या गल्लीतून वळत होतात, हेही मला माहीत नव्हतं.

काका पलंगावर बसले होते. मी पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. पाच मिनिटांनी त्यांनी हात वर केला.

"मास्तरीणबाई, हे पाढे नाहीत. जरा दमानं."

"अप्पा कसे वाचायचे?"

"चुकीचं. मुद्दाम. मी चिडावं म्हणून बातमी उलटी करून सांगायचा. मला ते कळायचं, तरी मी चिडायचो."

मी हसले, तेही हसले. मग चहा आला. बशीत ओतलेला चहा पिता पिता त्यांनी सहज विचारलं, "आलीस कशानं?"

"माझ्या गाडीनं."

"तुला चालवता येते? इतक्या लांब?"

"हो. रोज शाळेत जाते ना मी. येरवड्याला."

काकांनी बशी खाली ठेवली. त्यांचे ते धूसर डोळे माझ्या दिशेनं वळले. "मग त्याला मागे बसवून का नाही आणलंस?"

अप्पा, मी उत्तर शोधलं. रविवारी पेपर तपासायचे असतात, स्वयंपाक असतो, ओवीचा क्लास असतो, असं काय काय जिभेवर आलं. यातलं एकही खरं नव्हतं. खरं एवढंच होतं, की हे मला सुचलं नाही.

"सुचलं नाही, काका," मी म्हटलं.

"त्यालाही नाही सुचलं," काका म्हणाले. "हुशार माणसं तुम्ही दोघं." आणि पुन्हा बशी उचलली.

दोन गाड्या चार महिने एकमेकींशेजारी उभ्या होत्या, अप्पा. एक बंद होती आणि एक चालू. मी तुमची बंद केली आणि माझी घेऊन रोज शाळेत जात राहिले. तुम्हाला गाडी चालवू द्यायची नव्हती, यात मी चुकले असं मला आजही वाटत नाही. तुम्ही समोर बसून फ्यूज मागितला असता, तर मी दिला नसता. पण तो तुमच्यासमोर नाकारायला हवा होता. तुम्ही ओरडला असतात, ताट सारून उठला असतात, शिडीसारखं काहीतरी गच्चीत नेऊन ठेवलं असतंत. दोन दिवस जेवला नसतात. मी घाबरले असते, रडलेही असते. आणि तिसऱ्या दिवशी, रविवार बघून, मी म्हटलं असतं, अप्पा, चला, मी सोडते काकांकडे.

निघताना काकांनी विचारलं, पुढच्या रविवारी येशील का. मी येणार आहे. ओवी म्हणाली आहे तीही येईल, क्रीडेचं पान ती वाचेल.

घरी परत येताना संगमवाडीच्या पुलावर गाड्यांची रांग लागली होती. पुढच्या स्कूटरवर एक बाई होती आणि तिच्यामागे एक म्हातारे गृहस्थ, एका हातानं सीटमागची दांडी धरून, दुसऱ्या हातात पिशवी घेऊन. ते तिला कानाशी वाकून काहीतरी सांगत होते, डावीकडून काढ किंवा असलंच काही, आणि ती वैतागून मान हलवत होती. सिग्नल सुटला, ते दोघे पुढे गेले, मागचे हॉर्न वाजवायला लागले तरी मी तशीच उभी होते.

तुम्ही बसला असतात का हो, अप्पा, माझ्यामागे? पंधरा वर्षं एका घरात राहून मला याचं उत्तर देता येत नाही. मी विचारलंच नाही.